जुन्या नोव्हासाठी दोन टॉर्क कन्व्हर्टर: एक फसलेला, एक जमलेला

गाडी १९७२ची शेव्हरले नोव्हा. ३५० क्युबिक इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-एट इंजिन, त्यामागे तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो-हायड्रामॅटिक ३५०, मागच्या ॲक्सलचा रेशो ३.०८, टायरची उंची २६ इंच. वजन दीड टनाच्या आसपास. सुरुवातीलाच ही सगळी जंत्री देतोय, कारण "कन्व्हर्टर (म्हणजे क्लचऐवजी इंजिन आणि गिअरबॉक्स तेलानं जोडणारा डबा) कुठला घेऊ?" असं विचारणारा माणूस यातलं काहीच सांगत नाही. पहिल्या वेळी मीही सांगितलं नव्हतं, आणि विकणाऱ्यानंही विचारलं नव्हतं. पुढचं रामायण तिथूनच सुरू होतं.

गाडी शर्यतीची नाही. बाजारहाट, सुट्टीच्या दिवशी लांबची चक्कर, अधूनमधून हायवे. इंजिन उघडलं तेव्हा हौसेनं जरा तिखट कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बसवला: ५० हजारांश इंच लिफ्टला इनटेकचं ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) २१८ अंश. बरोबर चार बॅरलचा कार्बोरेटर. कॅम तसा मवाळच, पण कारखान्यातल्या कन्व्हर्टरशी त्याचं अजिबात पटेना. पार्कमध्ये इंजिन ८५० आरपीएमवर छान गुरगुरायचं. गिअर ड्राइव्हमध्ये टाकला की सुई ५५० वर, आरसा थरथरतोय, स्टिअरिंग थरथरतंय. सिग्नलला मी एक पाय ब्रेकवर आणि दुसरा हळूच ॲक्सिलरेटरवर ठेवून बसायचो. शेजारी बसलेल्या मेहुण्यानं एकदा शांतपणे विचारलं, "गाडीला थंडी वाजतेय का?"

दोष इंजिनाचा नव्हता. कन्व्हर्टरमध्ये तीन मुख्य भाग. पंप इंजिनाला जोडलेला, तो तेल फेकतो. समोरचं टर्बाइन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेलं, ते त्या तेलाच्या माऱ्यानं फिरतं. मधला स्टेटर परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवून ते पुन्हा पंपाच्या कामी लावतो. म्हणूनच गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर दाबला की गिअरबॉक्सला इंजिनाच्या टॉर्कच्या जवळपास दुप्पट टॉर्क मिळतो. टर्बाइन वेग पकडत जातं तशी ही दुप्पट कमी होत जाते, आणि ते पंपाच्या जवळ पोचलं की स्टेटर आपल्या वन-वे क्लचवर मोकळा फिरायला लागतो. मूळ कल्पना हेर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरची, १९०५च्या पेटंटमधली, आणि तीही मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी.

टर्बाइन जागेवर अडवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर इंजिन जास्तीत जास्त जितक्या आरपीएमपर्यंत चढतं, तो स्टॉल स्पीड. कारखान्यातल्या १२ इंची कन्व्हर्टरचा माझ्या गाडीत तो १,७००च्या आसपास होता. म्हणजे त्याची इंजिनावरची पकड कमी आरपीएमलाच घट्ट. कॅम जरा मोठा झाला की खालच्या आरपीएमला इंजिनात जीव उरत नाही, आणि घट्ट कन्व्हर्टर त्याला सिग्नलला मानगुटीला धरल्यासारखा खाली ओढतो. उपाय एकच, सैल, म्हणजे जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर. किती सैल, इथे घोळ होतो.

पहिला कन्व्हर्टर

विकणाऱ्याचं नाव घेत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "२,४०० ते २,८०० स्टॉल" आणि खाली "स्ट्रीट" असं छापलेलं. कॅमच्या कागदावर २,४०० सुचवलं होतं. आकडा जुळला, मी घेतला. निवड करायला मला जेमतेम दहा मिनिटं लागली.

खरं बोलायचं तर बसवल्यावर पहिले दोन दिवस मी खूश होतो. ड्राइव्हमध्ये सुई ७००च्या खाली उतरेना, थरथर बंद. सुटतानाही गाडी आधीपेक्षा हलकी वाटली. तिसऱ्या दिवशी हायवेवर गेलो आणि मजा ओसरली. ॲक्सिलरेटर जरा दाबला की आवाज वाढायचा, गाडी मात्र होती तिथेच. रबर ताणावं तसं. चढावर तर इंजिन एक भाषा बोलत होतं आणि चाकं दुसरी.

हे मनाचे खेळ आहेत की खरंच घसरण आहे ते कागदावर काढता येतं. ताशी मैल गुणिले ॲक्सल रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचांत. ताशी ६० मैलांना माझ्या गाडीचं उत्तर येतं २,३८८. टॉप गिअर १:१ असल्यामुळे कन्व्हर्टर अजिबात घसरला नसता तर टॅकोमीटरवर एवढेच आरपीएम दिसले असते. टायर दबतो, त्यामुळे उत्तरात थोडा फरक धरायचाच, पण माझ्याकडे तुलनेला जुना आकडा होता. त्याच सपाट रस्त्यावर, मोबाइलच्या जीपीएसवर तोच वेग धरून, कारखान्याचा कन्व्हर्टर २,४७० दाखवायचा. हा नवा २,७५० दाखवत होता. म्हणजे तेरा टक्के घसरण, तीही सपाट रस्त्यावर सावकाश जाताना.

ही घसरण जाते कुठे? उष्णतेत. तिला दुसरी जागाच नाही. ऑइल पॅनला तापमानाचा सेन्सर लावून ठेवलेला होता म्हणून कळलं. एका लांब चढावर काटा ११० अंश सेल्सियसला गेला. घरी येऊन डिपस्टिक काढली आणि तेल टिश्यू पेपरवर टेकवलं. नवं डेक्सरॉन, म्हणजे या गिअरबॉक्सचं तेल, चेरीच्या सरबतासारखं लाल असतं. हे विटकरी झालं होतं, आणि करपलेल्या टोस्टचा वास येत होता. महिनाही झाला नव्हता.

गंमत पुढेच आहे. इतका सैल वाटणारा हा कन्व्हर्टर प्रत्यक्षात २,४००लाही पोचत नव्हता. अगदी हळू चालत्या गाडीत एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की सुई पहिल्यांदा जिथे उडी मारून टेकते तो फ्लॅश स्टॉल. चार वेळा पाहिला, चारही वेळा २,०५०च्या आसपास. ब्रेक दाबून उभ्या गाडीत स्टॉल मोजण्याच्या भानगडीत मी फारसा पडत नाही. मागची चाकं आधीच ढकलायला लागतात, आणि तशी चाचणी पाच सेकंदांच्या वर नेली तर आत तेलाची कढी होते.

विकणाऱ्याला फोन केला. "साहेब, गाडीत बसवलेला माल आम्ही परत घेत नाही." विषय संपला.

आकडा कुणाचा?

त्या आकड्याला शुद्ध थाप म्हणता येणार नाही, हे मला नंतर कळलं. स्टॉल स्पीड ही एकट्या कन्व्हर्टरची मालमत्ताच नाही. त्याच्यामागे किती टॉर्क उभा आहे त्यावर ती ठरते, आणि ठरते ती टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. माझ्या इंजिनापेक्षा दीडपट टॉर्क देणाऱ्या इंजिनामागे हाच डबा २,५०० गाठेल. खोक्यावर छापणाऱ्यानं मनात एखादं बिग-ब्लॉक, म्हणजे बरंच मोठं व्ही-एट, धरलं असणार. पण मग तसं छापा की! कपड्याच्या दुकानात "एक मीटर कापड, शर्ट होईल" म्हणून सांगावं आणि शर्ट कुणाचा ते सांगू नये, त्यातला प्रकार.

दुसरी गोष्ट व्यासाची. कन्व्हर्टर किती टॉर्क पेलतो ते व्यासाच्या पाचव्या घातावर अवलंबून असतं. वाचताना मीही दोनदा वाचलं. पाचव्या. पाती तशीच ठेवून १२ इंचांचा १० इंच केला तर त्याच आरपीएमला पेलण्याची ताकद अडीचपट कमी होते, आणि त्याच इंजिनामागे स्टॉल जवळपास दीडपटीच्याही वर जातो. म्हणून जास्त स्टॉलचा चांगला कन्व्हर्टर अंगानं लहान असतो. लहान कवचात योग्य कोनाची पाती आणि योग्य स्टेटर घातला तर तो सुटताना सैल राहतो आणि वेग पकडल्यावर घट्ट होतो. स्वस्तातला रस्ता म्हणजे जुन्याच १२ इंची कवचातली पाती वाकवायची. स्टॉल थोडा चढतो, पण तेलाचा प्रवाह विस्कटतो तो कायमचा, आणि हायवेवर घसरण सुटत नाही.

आपला तसाच आहे का, हे तेव्हा माहीत नव्हतं. नंतर पाहिलं, ते पुढे सांगतो.

(जाता जाता: १९६५ ते ६७ मध्ये ब्युइक, ओल्ड्समोबाइल आणि कॅडिलॅकच्या टर्बो ४०० या गिअरबॉक्समध्ये कारखान्यानंच असा स्टेटर दिला होता ज्याच्या पात्यांचा कोन चालत्या गाडीत बदलायचा. एकाच कन्व्हर्टरला दोन स्टॉल. मग तो बंद केला. इतकी सुरेख गोष्ट बंद करायला हात कसा धजावला असेल!)

दुसरा कन्व्हर्टर

दुसरा मागणीनुसार बनवून देणाऱ्या एका छोट्या कारखान्याचा. पैसे पहिल्याच्या दुप्पट. फोन केला आणि मोठ्या आत्मविश्वासानं म्हणालो, "मला २,४०० स्टॉलचा हवाय." पलीकडचा माणूस म्हणाला, "ते आपण शेवटी बघू. आधी गाडीचं वजन सांगा."

पुढची पंचवीस मिनिटं उलटतपासणी. ॲक्सल रेशो, टायरची उंची, कॅमचा पूर्ण कागद, कॉम्प्रेशन, कार्बोरेटर, हेडर आहेत का, इंजिन आयडलला किती व्हॅक्युम देतं, हायवेवर कितीनं चालवता, चढ आहेत का, मागे काही ओढता का, गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर कुठला. एक प्रश्न मला फार आवडला: "सिग्नलला गाडी कशी वागते ते सांगा, आकडे नकोत." मी थंडी वाजल्याची गोष्ट सांगितली. तो हसला नाही, लिहून घेतलं असावं.

३.०८चा ॲक्सल ऐकल्यावर त्यानं ३,०००चा विषय काढूच दिला नाही. त्याचं म्हणणं असं की रोजच्या वेगाला इंजिन जितकं फिरतं त्याच्या फार वर स्टॉल नेला की कन्व्हर्टर कायम कुंपणावर बसलेला राहतो, ना धड सैल ना धड घट्ट. माझं हायवेचं फिरणं २,४००च्या आसपास. ३.७३चा ॲक्सल असता तर हिशेब वेगळा. त्यानं साधारण १० इंची, माझ्या इंजिनामागे २,४०० ते २,५०० देणारा कन्व्हर्टर सुचवला आणि एक अट घातली: रेडिएटरमधल्या कूलरच्या जोडीला पुढे वेगळा कूलर लावायचा आणि जुन्या नळ्या आतून धुवायच्या, नाहीतर वॉरंटी विसरा. पहिल्यांदा मला हा माल खपवायचा डाव वाटला. माझ्या तेलाचा रंग आठवला आणि गप्प बसलो.

दहा दिवस सांगून माल तीन आठवड्यांनी आला. मधल्या काळात दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "उद्या निघतोय". हा उद्या सगळ्या कारखान्यांत एकच असतो.

खोक्यातून निघालेली वस्तू मात्र बघत राहावी अशी. पंपाची पाती कवचाला नुसती खाचेत अडकवलेली नव्हती, भट्टीत ब्रेझिंग करून, म्हणजे वितळलेल्या धातूनं सांधून, पक्की केलेली. आत साध्या वॉशरऐवजी सुईचे बेअरिंग. बरोबर एक चिठ्ठी, त्यावर हब (कन्व्हर्टरची मागची नळी) किती डगमगतो आणि बॅलन्स किती, ते पेननं लिहिलेलं. बसवण्याच्या सूचनांचा कागद मात्र एकच, तोही झेरॉक्सची झेरॉक्स. एवढं सगळं करणाऱ्यांना दोन पानं नीट छापता येऊ नयेत?

बसवताना

आधी स्टेटरचा क्लच तपासला. हबमधून आत दिसणारी स्टेटरची खाच सर्कलिप पक्कडनं फिरवली. एका बाजूला सुळकन फिरली, दुसऱ्या बाजूला गच्च. असंच हवं. दोन्हीकडे फिरली तर गाडी जागेवरून उठणार नाही. दोन्हीकडे गच्च असेल तर सुटेल झकास, पण वेगात दमेल आणि तापेल.

मग कन्व्हर्टर उभा ठेवून त्यात लिटरभर तेल ओतलं आणि तो मुरेपर्यंत चहा घेतला. कोरडा बसवला तर पहिले काही क्षण पंपाला फुकट फिरावं लागतं.

यापुढचा भाग ज्यांना स्वतः करायचाय त्यांनी सावकाश वाचावा. गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टर तीन ठिकाणी बसावा लागतो: टर्बाइन इनपुट शाफ्टवर, स्टेटर त्याच्या नळीवर, आणि हब पुढच्या तेलपंपाच्या गिअरमध्ये. ढकलत ढकलत फिरवायचा. टक्. थोडा आत जातो. पुन्हा फिरवा, टक्. इथे बहुतेकांना वाटतं बसला. मलाही वाटलं. बेलहाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाच्या, तोंडावर सरळ पट्टी आडवी धरून जुन्या आणि नव्याची खोली मोजली तर नवा बोटभर बाहेर. मेहुणा, ज्याचं सगळं आयुष्य क्लचच्या गाड्यांमध्ये गेलं, म्हणाला, "बोल्ट आवळ, येईल आपोआप." हा सल्ला ऐकणाऱ्यांचेच पंप फुटतात. दहा मिनिटं आणखी हलवला, डाव्या हातानं वजन थोडं उचलून धरलं, आणि तिसरा टक् आला. तो आवाज कानांपेक्षा मनगटाला जास्त कळतो.

गिअरबॉक्स इंजिनाला जोडल्यावर कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरला पाहिजे आणि त्याच्या नि फ्लेक्सप्लेटच्या (इंजिनाच्या शाफ्टवरची पातळ तबकडी, कन्व्हर्टर हिलाच बोल्टनं जोडतात) मध्ये साधारण ३ ते ५ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. माझी चार आली. तेवढी जागा पुढे ओढून मगच बोल्ट. आणि ऑर्डर देण्याआधी फ्लेक्सप्लेटवरची भोकं मोजा. शेव्हरलेला १०.७५ आणि ११.५ इंच अशी दोन बोल्ट-वर्तुळं सापडतात. माझ्या प्लेटला दोन्ही होती, नशीब.

आता

आयडलला ड्राइव्हमध्ये ७२०, स्थिर. आरसा शांत. फ्लॅश स्टॉल २,४५०, म्हणजे फोनवर सांगितला होता त्याच पट्ट्यात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्याच रस्त्यावर ताशी ६० मैलांना २,५२०. पहिल्या कन्व्हर्टरपेक्षा स्टॉल ४०० आरपीएमनं जास्त, तरी हायवेवर घसरण पाच टक्क्यांच्या आसपास. नवा कूलर लागलाय हे धरूनही, त्याच चढावर तेल ८२ अंशांच्या वर गेलं नाही.

सुटताना पूर्वी गाडी आधी विचार करायची आणि मग निघायची. आता निघते. भर रहदारीत पाय अलगद ठेवला तर नेहमीसारखी सरपटत पुढे जाते, उगाच गुरगुरत नाही. रिव्हर्समध्ये चढावर गाडी लावताना मात्र पूर्वीपेक्षा जास्त ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. सवय होते, पण ज्यांच्या घराचा रस्ता उभा आहे त्यांनी ध्यानात ठेवावं. इंजिन कारखान्यातून निघालं तसंच असेल तर मी म्हणेन या वाटेला जाऊच नका. जुना १२ इंची दुरुस्त करून घ्या आणि कूलर लावा.

लॉकअप, म्हणजे वेग पकडल्यावर पंप आणि टर्बाइन एकमेकांना जखडून घसरण बंद करणारा क्लच, नाही, ती रुखरुख राहते. ही काही नवी चैन नव्हे. पॅकार्डनं १९४९मध्येच अल्ट्रामॅटिकमध्ये लॉकअप क्लच दिला होता. माझ्यासारखा बिनलॉकअपचा टर्बो ३५० असणाऱ्याला पाच टक्क्यांवर समाधान मानावं लागतं.

पहिल्या कन्व्हर्टरचं काय केलं? परत घेत नव्हते, दुसऱ्याला विकायला मन होईना. एका रविवारी ग्राइंडर घेऊन वेल्डिंगच्या रेघेवरून चहूबाजूंनी कापला. उघडल्यावर आतून तेल वाहिलं, त्यात उन्हात चमकणारी पितळी कचकच. पंपाची पाती वाकवलेली, तीही सारखी नाहीत. एक जास्त, शेजारचं कमी, एकाच्या टोकावर पकडीच्या दातांचे ठसे स्पष्ट. ब्रेझिंगचा पत्ता नाही. एक पातं बोटानं हलवलं तर खाचेत खुळखुळलं. मेहुण्यानं ते अर्धं कवच उचलून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "झाडाला पाणी घालायला बरं आहे." सध्या त्यात तुळस आहे.

दुसऱ्या कारखान्याला पाचपैकी चार तारे. तीन आठवडे मी माफ केले, झेरॉक्सही माफ केली. पण एवढे पैसे घेऊन कन्व्हर्टरला ड्रेन प्लग दिलेला नाही. पॅन उघडून तेल बदललं की निम्म्याहून जास्त जुनं तेल आतच राहतं. फोन करून विचारलं तर म्हणाला, "तुम्ही मागितला नव्हता." पंचवीस मिनिटांच्या प्रश्नांमध्ये तेवढा एक राहिला होता.